किंबर्ली प्रक्रिया

बंडखोर संघटनांच्या युद्धांना पैसा पुरवणाऱ्या कच्च्या हिऱ्यांचा व्यापार रोखण्यासाठी सरकारे, हिरे-उद्योग आणि नागरी संघटना यांनी मिळून उभारलेली आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र-व्यवस्था. १ जानेवारी २००३ पासून ती अमलात आहे. अशा हिऱ्यांना ‘संघर्ष-हिरे’ आणि वृत्तपत्रांतून ‘रक्तरंजित हिरे’ म्हटले जाते. ही व्यवस्था म्हणजे बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार नव्हे. प्रत्येक सदस्य देश आपापल्या कायद्याने ती राबवतो. ती इतक्या लवकर उभी राहिली ती या सैल रचनेमुळे, आणि पुढे जागोजागी अडली तीही त्यामुळेच.

आफ्रिकेतील युद्धांत हिऱ्याला जे महत्त्व आले त्याचे कारण भूगर्भात आहे. बोत्स्वानातल्यासारखे खोल खाणीतले हिरे काढायला अवजड यंत्रे, मोठे भांडवल आणि वर्षानुवर्षांची शांतता लागते. अंगोला, सिएरा लिओन, काँगो या देशांत मात्र हिरे नद्यांच्या गाळात मैलोन्‌मैल विखुरलेले आहेत. फावडे, चाळणी, पाणी आणि बंदुकीच्या धाकाने राबवलेली माणसे एवढ्यावर ते मिळतात. मूठभर खडे खिशात घालून सीमा ओलांडता येते. कच्चा खडा नुसता पाहून त्याची खाण खात्रीने सांगणे अवघड, आणि चार ठिकाणचा माल एकत्र झाल्यावर जवळजवळ अशक्यच.

अंगोलातील यादवीत जोनास साविंबीच्या ‘युनिता’ संघटनेने क्वांगो नदीच्या खोऱ्यातील हिरेक्षेत्र ताब्यात ठेवले होते. १९९२ ते १९९८ या काळात हिऱ्यांतून तिला सुमारे ३७० कोटी डॉलर मिळाले, असा ‘ग्लोबल विटनेस’ या ब्रिटिश संस्थेचा अंदाज आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जून १९९८ मध्ये ठराव क्र. ११७३ करून अंगोला सरकारचे प्रमाणपत्र नसलेल्या हिऱ्यांच्या खरेदीवर बंदी घातली. डिसेंबरमध्ये ‘ग्लोबल विटनेस’चा अहवाल आला आणि ही बंदी कागदावरच असल्याचे उघड झाले. मार्च २००० मध्ये, कॅनडाचे राजदूत रॉबर्ट फाउलर अध्यक्ष असलेल्या निर्बंध समितीपुढे तज्ज्ञांचा अहवाल आला. निर्बंध मोडणाऱ्यांची नावे त्यात थेट घेतलेली होती, आणि त्यांत टोगो व बुर्किना फासो या देशांचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्षही होते. संयुक्त राष्ट्रांच्या कागदपत्रांत असा रोखठोकपणा क्वचितच आढळतो.

सिएरा लिओनची कहाणी जगाच्या अधिक लक्षात राहिली ती हातपाय तोडलेल्या नागरिकांच्या छायाचित्रांमुळे. तेथील ‘क्रांतिकारी संयुक्त आघाडी’ (आरयूएफ) १९९१ पासून लढत होती. कोनो जिल्ह्यातील हिरे शेजारच्या लायबेरियात जात आणि तेथून लायबेरियाचे नेते चार्ल्स टेलर यांच्या पाठबळाने शस्त्रे येत. जुलै १९९९ च्या लोमे करारात तर आघाडीचा नेता फोदे सांको याच्याकडेच देशाच्या खनिज संपत्तीच्या आयोगाचे अध्यक्षपद देण्यात आले. जानेवारी २००० मध्ये ‘पार्टनरशिप आफ्रिका कॅनडा’ या संस्थेने या व्यापाराचा हिशेब मांडला. लायबेरियाची स्वतःची क्षमता वर्षाला एक ते दीड लाख कॅरट. पण बेल्जियमच्या नोंदींनुसार १९९४ ते १९९८ या काळात ‘लायबेरियन’ म्हणून तेथे आलेला माल ३ कोटी १० लाख कॅरटहून अधिक. म्हणजे हे आकडे बेल्जियममधल्या अँटवर्पच्या हिरेबाजाराच्या दप्तरात आधीपासूनच पडून होते, विचारणारे कोणी नव्हते. सुरक्षा परिषदेने जुलै २००० मध्ये सिएरा लिओनच्या प्रमाणपत्र नसलेल्या आणि मार्च २००१ मध्ये लायबेरियाच्या सर्वच कच्च्या हिऱ्यांवर बंदी घातली. सिएरा लिओनमधील युद्धगुन्ह्यांना साहाय्य केल्याबद्दल टेलर यांना २०१२ मध्ये विशेष न्यायालयाने ५० वर्षांची शिक्षा दिली.

मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली या हिऱ्यांच्या जुन्या गावी पहिली बैठक झाली. तिच्यामागे करुणेइतकीच भीतीही होती, हे सांगायला हवे. फरच्या कपड्यांवर पाश्चात्त्य ग्राहकांनी जसा बहिष्कार टाकला तसा हिऱ्यांवर पडला तर युद्धाशी काडीचा संबंध नसलेल्या बोत्स्वाना आणि नामिबियाची अर्थव्यवस्था कोसळली असती. एकूण व्यापारात संघर्ष-हिऱ्यांचा वाटा उद्योगाच्या मते ४ टक्के होता, टीकाकारांच्या मते १५ टक्क्यांपर्यंत. कोणताही आकडा धरला तरी डाग सगळ्याच मालावर पडणार होता. जुलै २००० मध्ये उद्योगाने ‘जागतिक हिरे परिषद’ स्थापली, डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्र. ५५/५६ ने प्रक्रियेला पाठिंबा दिला, आणि ५ नोव्हेंबर २००२ रोजी स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेन येथे योजना स्वीकारली गेली. बिगरसदस्यांशी व्यापारबंदी हा जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांचा भंग ठरू नये म्हणून त्या संघटनेने २००३ मध्ये सूट दिली. तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे.

व्यवस्थेचे काम असे चालते : कच्च्या हिऱ्यांचा प्रत्येक माल छेडछाड होणार नाही अशा मोहोरबंद पेटीतून जातो आणि सोबत निर्यातदार देशाच्या सरकारचे, बनावट करण्यास अवघड असे क्रमांकित प्रमाणपत्र असते. त्यावर कॅरट, मूल्य आणि उगमदेश नोंदलेले असतात. अनेक देशांचा माल एकत्र असेल तर ‘मिश्र उगम’ एवढेच लिहिले जाते. आयात करणारा देश ते तपासून पोच कळवतो. सदस्य बिगरसदस्यांशी कच्च्या हिऱ्यांचा व्यवहार करू शकत नाहीत. उत्पादनाचे व व्यापाराचे आकडे जाहीर करावे लागतात आणि सदस्यांची पथके एकमेकांकडे पाहणीला जातात. यांतील सर्वांत उपयोगी भाग बहुधा आकडेवारीचाच. २००४ मध्ये काँगो प्रजासत्ताक (ब्राझाव्हिल) आपल्या निर्यातीएवढे उत्पादन दाखवू शकले नाही, तेव्हा त्याला बाहेर काढण्यात आले. २००७ मध्ये ते परत आले.

प्रमाणपत्राची हद्द मात्र कच्च्या हिऱ्याला पैलू पडेपर्यंतच. त्यापुढे घडवलेल्या हिऱ्यांच्या प्रत्येक बिलावर विक्रेत्याने हमीचे वाक्य छापायचे, अशी जागतिक हिरे परिषदेची ऐच्छिक पद्धत आहे. तिच्यावर सरकारी देखरेख नाही. प्रयोगशाळेत तयार झालेले हिरे या योजनेच्या कक्षेत येत नाहीत.

भारत हा या प्रक्रियेचा संस्थापक सदस्य. जगातील दहापैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू पडतात ते भारतात, मुख्यतः सुरतेत. त्यामुळे येथली तपासणी ढिली पडली तर बाकी साखळीला फारसा अर्थ उरत नाही. वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत, मुंबईत मुख्यालय असलेली ‘जेम अँड ज्वेलरी एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिल’ प्रमाणपत्रांचे काम पाहते. ऑपेरा हाउस परिसरातून वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये गेलेला मुंबईचा हिरेबाजार या कागदपत्रांवरच चालतो. २००८ आणि २०१९ मध्ये प्रक्रियेचे अध्यक्षपद भारताकडे होते.

योजनेची खरी परीक्षा झिंबाब्वेत झाली. पूर्वेकडील मारांगे येथे २००६ मध्ये हिऱ्यांसाठी झुंबड उडाली. २००८ च्या अखेरीस लष्कराने खोदणाऱ्यांना हुसकावून लावले. त्यात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली, असे ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने नोंदवले. पण किंबर्लीच्या व्याख्येत संघर्ष-हिरे म्हणजे वैध सरकार उलथवू पाहणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारे हिरे. इथे बंदुका सरकारच्याच होत्या. काही काळ निर्यात थांबवली गेली, तीही नियमपालनातील त्रुटींच्या नावाखाली. आणि नोव्हेंबर २०११ मध्ये किन्शासा येथील पूर्ण बैठकीत ती पुन्हा खुली झाली. पुढच्याच महिन्यात ‘ग्लोबल विटनेस’ने प्रक्रिया सोडली. प्रक्रियेच्या उभारणीत मोठा वाटा असलेले इयन स्मिली २००९ मध्येच बाहेर पडले होते. ‘पार्टनरशिप आफ्रिका कॅनडा’ (नंतरचे नाव ‘इम्पॅक्ट’) २०१७ मध्ये गेली. ज्यांच्या अहवालांनी हा प्रश्न जगापुढे आला तेच एकेक करून उठून गेले, ही टीका उद्योगाला आजवर नीट खोडून काढता आलेली नाही.

व्याख्या रुंदावण्याचे प्रयत्न अनेकदा झाले. २०१९ मध्ये भारताच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत भरलेल्या पूर्ण बैठकीतही ते फसले. निर्णय सर्वसंमतीने होतात, म्हणजे एक सदस्य अडला की प्रस्ताव अडतो. आणि सरकारी फौजा व खाजगी सुरक्षारक्षकांच्या अत्याचारांना व्याख्येत जागा दिली तर आपलेच हिरे उद्या अडचणीत येतील, अशी धास्ती अनेक उत्पादक सरकारांना वाटते. त्यामुळे प्रमाणपत्र मालाच्या प्रवासाची ग्वाही देते; खड्ड्यात उतरलेल्या माणसाला काय मजुरी मिळाली, त्याला कोणी मारले, याबद्दल ते गप्प असते.

रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यावर ही अडचण नव्या रूपात पुढे आली. ‘अल्रोसा’ ही अंशतः सरकारी मालकीची रशियन कंपनी जगातील सुमारे ३० टक्के कच्चे हिरे काढत होती. तो पैसा युद्धाकडे जातो हा पाश्चात्त्य देशांचा आरोप व्याख्येत बसत नव्हता, आणि रशिया स्वतः सदस्य असल्याने व्याख्या बदलणेही शक्य नव्हते. २०२३ ची व्हिक्टोरिया फॉल्स येथील पूर्ण बैठक याच वादात संयुक्त निवेदनाविना संपली. ‘जी-७’ देशांनी मग किंबर्लीच्या बाहेर जाऊन १ जानेवारी २०२४ पासून रशियन हिऱ्यांची थेट आयात बंद केली आणि मार्चपासून तिसऱ्या देशात पैलू पाडलेले एक कॅरट व त्याहून मोठे रशियन हिरेही बंदीखाली आणले. माल तपासणीसाठी अँटवर्पमार्गे नेण्याच्या कल्पनेला बोत्स्वाना, अंगोला आणि नामिबियाने हरकत घेतली. सुरत-मुंबईच्या व्यापाऱ्यांनाही तिचा जाच वाटला.

व्याख्येत चपखल बसणारे उदाहरण होते ते मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाचे. २०१३ मध्ये सेलेका बंडखोरांनी तेथील सत्ता घेतल्यावर मे महिन्यात त्याची निर्यात थांबवण्यात आली. पुढे देशाच्या पश्चिमेकडील काही भागांना ‘नियमपालक क्षेत्र’ ठरवून २०१६ पासून मर्यादित निर्यातीला वाट दिली गेली. शेजारच्या देशांमार्गे तस्करी या साऱ्या काळात चालूच होती. उरलेली बंदी नोव्हेंबर २०२४ मध्ये दुबईच्या पूर्ण बैठकीत उठली. दोन दशके आळीपाळीने बदलणाऱ्या अध्यक्ष देशाच्या दप्तरातून चाललेल्या या प्रक्रियेला कायमचे सचिवालयही २०२४ मध्येच मिळाले. ते बोत्स्वानाच्या राजधानीत, गाबोरोने येथे आहे.