बिलिमोऱ्याच्या छोट्या गाडीचा जीर्णोद्धार

सुरतच्या जुन्या मराठी घरांत गायकवाडांचा विषय निघाला, की बोलणे सयाजीराव महाराजांची ग्रंथालये, सक्तीचे शिक्षण आणि बडोद्याचा राजवाडा यांपाशी येऊन थांबते. त्यांची रेल्वे कोणाला फारशी आठवत नाही. वास्तविक आपल्याला सर्वांत जवळची खूण तीच आहे. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसावे, नवसारी मागे टाकावी आणि बिलिमोऱ्याला उतरावे. मोठ्या लाइनीच्या शेजारी अडीच फूट रुंदीचे रूळ दिसतात. गणदेवी, चिखली, रानकुवा, अनावल, उनाई अशी गावे घेत ते ६३ किलोमीटरवर डांगच्या तोंडाशी वघईला पोचतात. जंगलातले सागवान बाहेर काढावे आणि नवसारी प्रांताच्या पूर्वेकडच्या गावांना बाजार मिळावा, म्हणून बडोदा संस्थानाने ही लाइन घातली. तिचा जन्म १९१३ सालचा मानतात.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे ही गाडी थांबली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गुजरातेतल्या ११ तोट्यातल्या शाखा कायमच्या बंद करण्याचे पत्र निघाले, त्यात हिचेही नाव होते. आदिवासी गावांनी आणि लोकप्रतिनिधींनी ओरड केली. अखेर ४ सप्टेंबर २०२१ रोजी गाडी पुन्हा सुरू झाली. या वेळी तिला वारसा म्हणून मान मिळाला, आणि एक वातानुकूलित डबाही मिळाला. त्याआधी पश्चिम रेल्वेने गुजरातेतल्या पाच छोट्या लाइनी जशाच्या तशा जपायचे ठरवले होते: डभोई-मियागाम ३३ किलोमीटर, मियागाम-मालसर ३८, चोरंदा-मोटी कोरल १९, प्रतापनगर-जंबुसर ५१ आणि आपली बिलिमोरा-वघई ६३. एकूण २०४ किलोमीटर.

जपायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नासाठी मी आज आपला वेळ घेतो आहे.

आम्हां जैनांना जीर्णोद्धार हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. देरासर जुने झाले की संघ निधी जमवतो आणि जीर्णोद्धार होतो. पुष्कळदा त्यात जुना कोरीव लाकडी मंडप उतरवला जातो आणि पांढराशुभ्र संगमरवर चढतो. पुण्य मिळते, पण जुने काम दिसेनासे होते. मला यात दोष काढायचा नाही. देऊळ पूजेसाठी असते आणि पूजा चालू राहिली, एवढे श्रद्धाळू माणसाला पुरते. यंत्राचे तसे नाही. इंजिनाला रंग देऊन स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर उभे केले तर ती मूर्ती झाली. आणि ते चालवायचे म्हटले तर झिजलेला भाग बदलावा लागतो, म्हणजे मूळचे थोडे थोडे जाते. जुने धातू राखावेत की चाल राखावी, हा झगडा जगभरच्या जुन्या गाड्यांच्या कामात आहे, आणि त्यावर सल्ला देणारी माणसे परदेशात त्याच धंद्यावर पोट भरतात.

आपल्याकडे असा सल्लागार कधी झाला का? झाला. माइक सॅटो नावाचे एक इंग्रज गृहस्थ नोकरीनिमित्त भारतात होते. पतियाळा संस्थानात १९०७ पासून एका रुळावर चालणारी अजब गाडी होती. भार मुख्यतः एका रुळावर, आणि तोल सांभाळायला बाजूचे एक मोठे चाक रस्त्यावरून धावायचे. ती १९२७ मध्ये बंद पडली आणि विसरली गेली. सॅटोंना १९६२ मध्ये तिचे अवशेष पतियाळाच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आवारात सापडले. पुढे अमृतसरच्या रेल्वे वर्कशॉपने त्यातून एक इंजिन पुन्हा चालते केले. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयाच्या उभारणीत सॅटो मानद सल्लागार होते. १९७७ मध्ये उघडलेल्या त्या संग्रहालयात ही गाडी आहे, आणि बडोद्याच्या गायकवाडांचा १८८६ चा सलूनही आहे. दिल्लीला गेलात तर तो जरूर पाहा.

पण सॅटोंच्याही पाऊणशे वर्षे आधी आपल्या सुरतने असा एक माणूस दिला होता. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, रसायनशास्त्रज्ञ, जन्म सुरतचा, १८६३. मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये कोणी डांबर फासले. ते आपण केले असे दामोदर चापेकरांनी पुढे कबूल केले. तो डाग दगडाला धक्का न लावता काढला तो गज्जरांनी. गंमत अशी की हा पुतळा मुंबईला भेट दिला होता बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी! चापेकर आपले, गज्जर आपले, पुतळ्याचे पैसेही आपल्याच राज्यातले. राणी तेवढी परकी.

हेच खंडेराव महाराज आपल्या छोट्या गाडीच्या कुळाचे मूळ पुरुष. १८६२ मध्ये त्यांनी डभोई ते मियागाम अशी लाइन सुरू केली. भारतातली ही पहिली नॅरोगेज, आणि गाडी ओढायला बैल! पुढच्याच वर्षी नील्सन कंपनीने तिच्यासाठी इंजिन बांधले, पण रूळ होते वाराला १३ पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम साडेसहा किलो. आजच्या मुंबई-सुरत मार्गावर रूळ मीटरला ६० किलोचा असतो. तेव्हा इंजिनाचे वजन पेलणार कसे? १८७३ मध्ये जड रूळ घालून लाइन नव्याने केली आणि इंजिने नियमित धावू लागायला १८८० उजाडले. आज कोणी हौशीने म्हणाला, की डभोईची लाइन मूळ रूपात आणा, तर त्याला विचारावे लागेल: कोणते मूळ? बैलांचे, का इंजिनांचे?

गज्जरांचे दुसरे काम मला पुतळ्याहून मोठे वाटते. सयाजीरावांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढले, त्याचे पहिले प्रमुख हेच. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे हातचे विषय तिथे शिकवले जात, आणि इंग्रजी न येणाऱ्या कारागिराच्या मुलालाही ते कळावेत म्हणून देशी भाषेतून शिकवण्यावर गज्जरांचा कटाक्ष होता. संस्थानाने इंजिने विलायतेहून घेतली, पण त्यांना लावायचे हात घरी तयार केले. पुढे प्रतापनगरला रेल्वेचे स्वतःचे वर्कशॉपही उभे राहिले.

त्या हातांची गोष्ट मला एका रोग्याकडून कळली. नॅरोगेजच्या शेडमध्ये फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका गुडघेदुखीसाठी माझ्याकडे यायचे. आमच्या पॅथीत केस घेताना माणसाला भरपूर बोलू द्यावे लागते. गुडघा बाजूलाच राहिला. काका सांगू लागले, धुऱ्याला मऊ पांढऱ्या धातूचे बेअरिंग कसे बसवायचे. धुऱ्याला निळा रंग पातळ लावायचा, बेअरिंगवर टेकवून फिरवायचा, जिथे निळे उमटेल तेवढेच खरवडायचे. पुन्हा लावायचे, पुन्हा खरवडायचे. निळे सगळीकडे सारखे उमटले की काम झाले. "डॉक्टर, किती खरवडायचं ते पुस्तकात नाही, बोटाला कळतं."

बॉयलरची तपासणी त्यांनी अशीच समजावली. तो थंड पाण्याने काठोकाठ भरून, नेहमीच्या दाबाहून जास्त दाब चढवून पाहतात. मी विचारले, वाफच का नाही भरत? ते हसले. पाणी दाबले तरी आकसत नाही, म्हणून पत्रा कुठे कच्चा असला तर नुसते पाझरते. वाफ असती तर शेडचे छप्पर उडाले असते. आतल्या नळ्यांवर खाऱ्या पाण्याचा थर किती चढला आहे, हे ते बाहेरून हातोडीने ठोकून आवाजावरून ओळखत. आम्ही डॉक्टर छातीवर बोटे वाजवून हेच करतो, फक्त आमची फी जास्त.

आज बिलिमोऱ्याची गाडी डिझेल इंजिनावर चालते, तेव्हा ही विद्या लागतेच कुठे, असे आपण विचाराल. लागते. या मापाची इंजिने आणि डबे देशात फार थोड्या ठिकाणी उरले आहेत. एक शेजारची लाइन बंद झाली की तिचे सुटे भाग दुसरीला काही वर्षे पुरतात. अंकलेश्वर-राजपिपळा ब्रॉडगेज झाली, डभोई-चांदोदही झाली. पुढे भाग घडवावेच लागतील, आणि घडवायला नकाशा किंवा माहीतगार, एक तरी हवा. हे अशक्य नाही. निलगिरीच्या गाडीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने वाफेची इंजिने नव्याने बांधून दिली आहेत. पण निलगिरीला युनेस्कोचा शिक्का आहे आणि पर्यटकांचा ओघ आहे. वघईच्या गाडीत बसतात ते बहुतेक बाजारहाटाला निघालेले लोक. तिला वेगळा सल्ला लागेल: वातानुकूलित डब्याचे तिकीट हवे तेवढे ठेवा, पण साधा डबा स्वस्त ठेवा आणि वेळ बाजाराची ठेवा. मागे तिच्यासाठी ओरड झाली ती याच लोकांची होती.

काका आता नाहीत. गुडघ्याला माझ्या गोळ्यांनी कितपत आराम पडला, देव जाणे. मात्र त्यांनी सांगितलेले मी केसपेपराच्या मागे लिहीत गेलो आणि नंतर एका वहीत उतरवून काढले. धुरा, बॉयलर, व्हॅक्यूम ब्रेक अशी ३१ पाने झाली आहेत, थोडी मराठी, थोडी गुजराती, आकृत्या माझ्या हातच्या म्हणून वाईट. आपल्यापैकी कोणाच्या घरी प्रतापनगर, डभोई किंवा बिलिमोऱ्याच्या शेडमध्ये काम केलेले आजोबा असतील, तर संध्याकाळी सहानंतर त्यांना माझ्या दवाखान्यात घेऊन या. बत्तिसावे पान कोरे आहे.