बिनपडद्याचा सर्व्हर आणि जावाची चित्रे

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती काढली. तिच्यातला एडब्ल्यूटी हा संच खिडक्या आणि बटणांसाठी बांधलेला होता. युनिक्सवर त्याचा सारा भार एक्स विंडो सिस्टिमवर असे. एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत पडदा सांभाळणारा एक प्रोग्राम सतत चालू असावा लागतो आणि त्याचा पत्ता 'डिस्प्ले' या व्हेरिएबलमधून कळतो.

पुढे जावा वेबसाइटमागे राबू लागली. आलेख काढणे, फोटो लहान करणे ही कामे सर्व्हरवर आली. त्यांना पडद्याची काहीच गरज नव्हती, पण साधा फाँट मागितला तरी एडब्ल्यूटी आधी पडदा शोधायला जाई. सर्व्हर रूममधल्या मशीनवर बहुधा एक्स नसेच, मग चूक येई: एक्स-११ शी जोडणी होत नाही.

सर्वांत छळवादी प्रकार वेगळाच होता. अॅडमिन आपल्या टेबलावरून एसएसएचने, एक्स फॉरवर्डिंगसह, लॉगिन करी आणि अॅप्लिकेशन पुन्हा सुरू करी. त्या सेशनचा डिस्प्ले अॅप्लिकेशनला आयता मिळे आणि चित्रे सुरळीत येत. संध्याकाळी तो लॉगआउट झाला की आलेख गायब! दोष मात्र चित्राच्या कोडमध्ये शोधला जाई.

तोडगा म्हणून एक्सव्हीएफबी चालवत. हा पडद्याचे काम मेमरीतच उरकणारा एक्स सर्व्हर. उपाय चाले, पण एका आलेखापायी आणखी एक प्रोसेस सांभाळत बसावे लागे.

फेब्रुवारी २००२ मध्ये आलेल्या जावा १.४ ने हेडलेस मोड दिला. आता चित्र थेट मेमरीत काढता येई. खिडकी उघडू पाहिल्यास मात्र 'हेडलेस एक्सेप्शन' मिळे. तरी गोंधळ संपला नाही. हेडलेसचा पर्याय कमांडमध्ये क्लासच्या नावानंतर लिहिला, तर जावा तो प्रोग्रामचा आर्ग्युमेंट समजते आणि चकार शब्द काढत नाही. लॉगही फसवतो. खरे कारण पहिल्याच नोंदीत असते. नंतर हजार वेळा नुसते 'क्लास इनिशियलाइज झाला नाही' एवढेच छापले जाते.

पुढच्या आवृत्त्यांत लिनक्सवर डिस्प्ले दिलेलाच नसेल, तर जावा आपणहून हेडलेस होऊ लागली. त्यामुळे डिस्प्ले नसण्यापेक्षा चुकीचा असणे अधिक त्रासाचे ठरले.

कंटेनर आले तसा दोष फाँटकडे सरकला. अल्पाइनसारख्या आटोपशीर लिनक्समध्ये फाँटकॉन्फिग आणि फाँट मुळात नसतात. फोटो लहान होतो, पण त्यावर तारीख छापताना प्रोग्राम कोसळतो. निदान तिथे चूक दिसते तरी. देवनागरीला तेही नाही: लॅटिन फाँट आहे आणि देवनागरी नाही, अशा मशीनवर मराठी नावांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात आणि लॉग कोरा राहतो. नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट बसवून अॅप्लिकेशन पुन्हा सुरू केले की अक्षरे येतात.