टाकळा

टाकळा : (विदर्भात तरोटा; कों. तायकिळो, हिं. चकवड, पवाड, सं. चक्रमर्द, एडगज, दद्रुघ्न, लॅ. सेना टोरा, कुल – फॅबेसी). पहिल्या पावसानंतर पडीक जमिनीत, रस्त्याकडेला, उकिरड्याच्या कडेने आपोआप उगवणारी वर्षायू वनस्पती. उंची साधारण ३०–९० सेंमी. पान संयुक्त, गोलसर टोकाच्या पर्णिकांच्या तीन जोड्या, त्या संध्याकाळी मिटतात. फुले पिवळी, शेंगा बारीक व लांब. उग्र वासामुळे गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून गायरानात टाकळा माजतो.

भाजी करतात ती कोवळ्या पाल्याची. फुलावर आलेला टाकळा निबर आणि कडवट लागतो. कोकणात लसूण-मिरचीच्या फोडणीवर पाला परततात, भिजवलेली चणाडाळ किंवा ठेचलेल्या आठळ्या घालतात, वरून ओले खोबरे. टोपलीभर पाला शिजून वाटीभर होतो, तेव्हा मीठ शेवटी आणि बेताने. पावसाळ्याच्या तोंडाला ही भाजी एकदा तरी खावी, पोट साफ होते, असे घरोघरी सांगतात. यात तथ्य आहे : टाकळा सोनामुखीच्याच प्रजातीतला असून त्यात सारक अँथ्राक्विनोने असतात. अर्थात त्याच कारणाने ही रोज ताटभर खायची भाजी नव्हे.

खरी ख्याती गजकर्णावरची. बिया ताकात किंवा लिंबाच्या रसात भिजवून वाटतात आणि चट्ट्यावर लेप लावतात. चरकसंहितेतही कुष्ठावरील लेपांत एडगज येतो. बियांतील क्रायसोफॅनिक आम्लाच्या वर्गातील द्रव्ये बुरशीला मारक असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र नखांत किंवा डोक्याच्या केसांत शिरलेला नायटा लेपाला दाद देत नाही. त्याला पोटात घ्यायचे औषध लागते.

भाजलेल्या बियांची पूड कॉफीऐवजी वापरतात. बियांच्या गरापासून घट्टपणा आणणारा डिंक निघतो. छत्तीसगडात ‘चरोटा’ म्हणून या बिया गोळा करून विकल्या जातात.

टाकळ्याशी गल्लत होते ती कासविंद्याची (सेना ऑक्सिडेंटॅलिस). त्याच्या पर्णिका टोकदार, चार ते सहा जोड्यांच्या, आणि शेंगा चपट्या असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात त्याच्या बिया खाल्ल्याने लहान मुलांच्या यकृताला, स्नायूंना व मेंदूला इजा होऊन मृत्यू ओढवले आहेत. पर्णिकांच्या तीनहून अधिक जोड्या दिसल्या, तर ते झाड भाजीसाठी खुडू नये.