बॅबिलॉन ५ – डीप स्पेस नाइन स्पर्धा

अमेरिकन दूरचित्रवाणीवरील दोन विज्ञानकथा-मालिकांमधली १९९०च्या दशकातील चढाओढ. ‘बॅबिलॉन ५’चे जनक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी मालिकेचा आराखडा पात्रपरिचयासह १९८९ मध्ये पॅरामाउंट स्टुडिओला दाखवला होता. पॅरामाउंटने तो घेतला नाही. पुढे वॉर्नर ब्रदर्सने मालिका स्वीकारली आणि थोड्याच काळात पॅरामाउंटने ‘स्टार ट्रेक’ची नवी मालिका जाहीर केली, ‘डीप स्पेस नाइन’. ती जानेवारी १९९३ मध्ये सुरू झाली. ‘बॅबिलॉन ५’चा प्रारंभिक चित्रपट फेब्रुवारीत आला आणि नियमित भाग १९९४ मध्ये.

भटक्या यानाऐवजी एका जागचे अंतराळस्थानक, त्याच्या नावात आकडा, जुन्या लढाईचा घाव उरात घेऊन वावरणारा प्रमुख, ही साम्ये प्रेक्षकांच्या लगेच डोळ्यांत भरली. ‘डीप स्पेस नाइन’चे निर्माते रिक बर्मन व मायकेल पिलर यांच्यावर स्ट्रॅझिन्स्कींचा रोख नव्हता, स्टुडिओच्या अधिकाऱ्यांनी त्या दोघांना आपल्या आराखड्याच्या दिशेला वळवले असावे, असा स्ट्रॅझिन्स्कींचा संशय होता. प्रकरण कोर्टात गेले नाही. चाहत्यांची भांडणे मात्र वर्षानुवर्षे चालली.

लोकप्रियतेत ‘डीप स्पेस नाइन’चे पारडे जड राहिले, पाठीशी ‘स्टार ट्रेक’चे नाव होते. तिचे सात हंगाम व १७६ भाग झाले. ‘बॅबिलॉन ५’चे पाच हंगाम व ११० भाग झाले, तेही मालिका बंद पडण्याची टांगती तलवार डोक्यावर घेऊन. तिला दाखवणारे प्रक्षेपणजाळे गुंडाळले जाणार असे दिसताच चौथ्या हंगामात मालिकेतली युद्धकथा घाईघाईने उरकण्यात आली. मग टीएनटी वाहिनीने पाचवा हंगाम घेतला आणि तो साहजिकच सैल पडला. तरी पाच वर्षांची एकच कथा आधी आखून सांगण्याचे धाडस तिचेच. ११० पैकी ९२ भाग एकट्या स्ट्रॅझिन्स्कींनी लिहिले. ‘डीप स्पेस नाइन’नेही पुढे डोमिनियन या शत्रूविरुद्धच्या युद्धाची लांब कथा रंगवली, पण ती वाटेत सुचत गेलेली होती, ‘डीप स्पेस नाइन’ची पात्रे मात्र अधिक सहज बोलतात.

वैर निवळावे म्हणून १९९६ मध्ये ‘स्टार ट्रेक’चे जनक जीन रॉडनबेरी यांच्या पत्नी मॅजेल बॅरेट ‘बॅबिलॉन ५’च्या एका भागात आल्या. कथेतील एका सम्राटाच्या विधवेची, भविष्य जाणणाऱ्या लेडी मोरेलाची ती भूमिका होती. लोंडो हा राजदूत आणि त्याचा बुजरा सहायक वीर हे दोघेही सम्राट होतील, एकाच्या मरणानंतर दुसरा, असे ती सांगते.

पहिली तीन वर्षे ‘बॅबिलॉन ५’ची याने संगणकावर घडवणारी फाउंडेशन इमेजिंग ही कंपनी पुढे ‘स्टार ट्रेक’साठी काम करू लागली. विज्ञानकथेतला मानाचा ह्यूगो पुरस्कार ‘बॅबिलॉन ५’ला दोनदा, १९९६ व १९९७ मध्ये मिळाला, ‘डीप स्पेस नाइन’ला तो एकदाही मिळाला नाही.