मोटारीची किल्ली व उत्तरदायित्व : तरुण चालकांविषयीच्या कायद्याचा विकास

१

महाडहून पाचाडमार्गे रायगडाकडे जाणारा रस्ता जेथे गडाच्या पायथ्याला भिडतो, तेथे हिरकणीवाडी हे लहानसे गाव वसलेले आहे. गडावर दूध घालावयास गेलेली हिरकणी नावाची गवळण सायंकाळी दरवाजे बंद झाल्यामुळे वरच अडकली. घरी तान्हे मूल एकटे असल्याने रात्रीच्या वेळी ती एका दुर्गम कड्यावरून खाली उतरली. ही वार्ता कळताच शिवाजी महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्याच कड्यावर बुरूज बांधविला, अशी कथा या परिसरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. ही लोककथा होय आणि लोककथा म्हणूनच तिचा विचार करणे युक्त ठरेल. तथापि तिच्या उत्तरार्धाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पूर्वार्धात मातेचे वात्सल्य आहे; उत्तरार्धात राज्यकर्त्याची दृष्टी आहे. एका व्यक्तीच्या धाडसामुळे गडाची एक उणीव उघडकीस आली. व्यक्तीचा सन्मान झाला; परंतु उणीव मात्र तशीच राहू दिली गेली नाही.

आज याच गावातून १९९६ साली सुरू झालेल्या रज्जुमार्गाने प्रवासी काही मिनिटांत गडावर पोहोचतात आणि पायथ्याशी मुंबई-पुण्याच्या मोटारी उभ्या असतात. त्या मोटारी ज्या रस्त्यांनी येतात ते रस्ते घाटांचे आहेत. शेजारच्या पोलादपूर तालुक्यातील आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी एक बस दरीत कोसळली तेव्हा तिच्यातील केवळ एक प्रवासी वाचला. कड्याची भीती या मुलखातील माणसाला शिकवावी लागत नाही. प्रश्न आहे तो वेगाच्या कड्याचा. अतिवेगवान मोटार तरुणाच्या हाती आली असता होणाऱ्या अनर्थाचे उत्तरदायित्व कोणाचे, याविषयी भारतीय कायद्याची भूमिका कशी बदलत गेली आणि उघड झालेल्या प्रत्येक उणिवेवर बुरूज बांधला गेला की नाही, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

२

१८६० साली भारतीय दंड संहिता तयार झाली तेव्हा मोटार अस्तित्वात नव्हती. सार्वजनिक मार्गावर बेदरकारपणे वाहन हाकण्याविषयीचे कलम २७९ हे घोडागाडीच्या युगातील होय. निष्काळजीपणामुळे घडलेल्या मृत्यूसाठी स्वतंत्र तरतूद मूळ संहितेत नव्हती. ती १८७० साली कलम ३०४-अ या रूपाने घालण्यात आली आणि तिची कमाल शिक्षा दोन वर्षे कारावास अशी ठरली. घोड्याच्या वेगाला अनुसरून ठरलेली ही मर्यादा पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ, मोटारीच्या युगातही, कायम राहिली. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अमलात आली तेव्हा कुठे ती पाच वर्षांवर गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी दिसू लागल्या. प्रारंभी मोटार ही संस्थानिक, व्यापारी व अधिकारी यांचीच मिरास होती आणि ती बहुधा पगारी चालक चालवीत असे. मालक व चालक या दोन व्यक्ती भिन्न असल्याने कायद्यापुढचा प्रश्नही सोपा होता. १९१४ च्या मोटार वाहन अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीस मोटार चालविण्यास मनाई केली. पुढे १९३९ च्या अधिनियमाने वयाची अट कलम ४ मध्ये घातली आणि कलम ५ मध्ये एक महत्त्वाचे पाऊल उचलले : वयाची वा परवान्याची अट न पाळणाऱ्या व्यक्तीस आपले वाहन चालवू न देण्याचे बंधन मालकावर घातले. म्हणजे चालकाबरोबरच किल्ली देणाराही कायद्याच्या दृष्टीस पडला. त्याच अधिनियमातील त्रयस्थ व्यक्तींच्या हानीविषयीचा सक्तीचा विमा १ जुलै १९४६ पासून लागू झाला. रस्त्यावरच्या अपरिचित माणसाचे नुकसान हे मालकाच्या खाती जमा होते, हे तत्त्व त्यायोगे मान्य झाले.

३

स्वातंत्र्योत्तर काळात या व्यवस्थेवर फारसा ताण पडला नाही, आणि त्याचे कारण कायद्याच्या परिपूर्णतेत नसून मोटारीच्या दुर्बलतेत आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची मुंबईत तयार होणारी फियाट ११०० आणि तिच्यातूनच पुढे आलेली पद्मिनी या गाड्यांची शक्ती सुमारे चाळीस अश्वशक्ती एवढी होती. डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेली मारुती ८०० देखील त्याच आसपासची. परवाना पद्धतीमुळे मोटारीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि परदेशी गाडीवरील निर्बंध कडक असत. अठराव्या वर्षी परवाना मिळाला तरी त्या परवान्याने चालविता येईल अशी मोटार फार वेगवान नव्हतीच.

१९८८ चा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४ मध्ये वयाची जी मांडणी आहे ती सूक्ष्मपणे पाहण्याजोगी आहे. सोळा वर्षांच्या मुलास पन्नास घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी चालविता येईल. अठराव्या वर्षी मोटार चालविता येईल. परंतु प्रवासी वा माल वाहून नेणारे वाहन चालविण्यास मात्र वीस वर्षे पूर्ण असली पाहिजेत. वय आणि यंत्राची शक्ती यांचा परस्परसंबंध कायद्याला अपरिचित नव्हता, हे यावरून स्पष्ट होते. शिडीच्या अगदी खालच्या पायरीवर त्याने तो मोजून दिला. वरच्या टोकाला मात्र मोजमापच केले नाही. पोटासाठी मालाची छोटी गाडी चालवू पाहणाऱ्या तरुणाला वीस वर्षे थांबावे लागते. हौसेसाठी चारशे अश्वशक्तीची मोटार चालवू पाहणाऱ्याला अठरा वर्षे पुरतात. ही विषमता कोणी हेतुपुरस्सर निर्माण केली असे नव्हे. १९८८ साली अशी मोटार भारतीय रस्त्यावर जवळजवळ नव्हतीच, एवढेच तिचे कारण.

१९९१ च्या आर्थिक धोरणानंतर ही परिस्थिती पालटली. १९९३ साली प्रवासी मोटारींचे उत्पादन परवानामुक्त झाले आणि २००१ साली आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही छोटी दोन आसनी स्पोर्ट्‌स कार तयार झाली; तिची शक्ती साठ अश्वशक्तीच्या घरात होती. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत महाराष्ट्रातील शहरांत तिच्या सहा-सातपट शक्तीच्या आयात मोटारी सहज दिसू लागल्या. मोटार दसपट झाली. परवाना तोच राहिला.

४

वेग वाढला तसा न्यायालयांपुढील प्रश्नही बदलला. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार चढली. सात जण ठार व आठ जखमी झाले. चालक मद्यप्राशन केलेला तरुण होता. सत्र न्यायालयाने त्यास निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली सदोष मनुष्यवधाचे कलम लावून ती तीन वर्षांवर नेली. आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम करताना, खरे पाहता तीन वर्षेही अपुरीच आहेत, असे मत नोंदविले. मद्य पिऊन भरधाव मोटार हाकणाऱ्यास परिणामाची जाणीव असते, हे तत्त्व या खटल्याने रुजविले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी : ती मोटार शर्यतीची नव्हती, साध्या प्रकारची होती.

मालकाच्या जबाबदारीचा विचार २०११ सालच्या एका निवाड्यात अधिक खोल गेला. एका अल्पवयीन नातलगाने मालकाच्या नकळत किल्ली घेऊन दुचाकी बाहेर काढली व अपघात झाला. आपण किल्ली दिलीच नव्हती, असा मालकाचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. वाहनाचा गैरवापर होऊ न देणे हे मालकाचेच कर्तव्य होय, असे ठरविले. किल्ली देणे हा दोष आहेच; ती हाती लागेल अशी ठेवणे हाही दोषच होय, असा याचा अर्थ.

एप्रिल २०१६ मध्ये दिल्लीत अठरा वर्षे पूर्ण होण्यास अगदी थोडा अवधी उरलेल्या एका मुलाच्या मर्सिडीझखाली एक पादचारी मरण पावला. बाल न्याय अधिनियम २०१५ अन्वये सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर ‘घृणास्पद’ गुन्ह्याबद्दल प्रौढाप्रमाणे खटला चालविता येतो. पण अशा गुन्ह्यास किमान सात वर्षांची शिक्षा विहित असली पाहिजे. सदोष मनुष्यवधाच्या कलमात अशी किमान मर्यादा नाही, म्हणून तो त्या वर्गात मोडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला. मुलाच्या सुधारणेचा मार्ग खुला ठेवावा हे बाल न्यायाचे मूळ तत्त्व त्यामागे आहे आणि ते तत्त्व क्षुल्लक मानता येणार नाही.

परंतु मूल जर पूर्णतः उत्तरदायी धरता येत नसेल, तर उत्तरदायित्व कोणाकडे जाते? याचे उत्तर संसदेने १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या कलम १९९-अ मध्ये दिले. अल्पवयीनाने वाहनाचा गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी मानला जाईल. तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होईल. वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द राहील. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळणार नाही. आपल्याला माहिती नव्हती अथवा आपण योग्य ती दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावरच टाकण्यात आला. चालकाकडून मालकाकडे व मालकाकडून पालकाकडे असा उत्तरदायित्वाचा हा प्रवास होय.

५

या नव्या बुरुजाची खरी कसोटी पुण्यात लागली. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर भागात एका पोर्श मोटारीची धडक बसून दुचाकीवरील दोन तरुण संगणक अभियंते, एक युवक व एक युवती, मृत्यू पावले. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता. त्या विद्युत मोटारीच्या अगदी साध्या प्रकारातही चारशे अश्वशक्तीच्या आसपास शक्ती असते. तिची कायम नोंदणी झालेली नव्हती. त्यासाठीचे १,७५८ रुपयांचे शुल्क भरावयाचे राहिले होते. बाल न्याय मंडळाने काही तासांतच जामीन दिला आणि त्यातील एक अट रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची होती. त्यावर मोठा लोकक्षोभ उसळला. पुढे मुलास निरीक्षणगृहात ठेवण्यात आले. २५ जून रोजी उच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. आणि त्यास प्रौढ मानून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. पित्यास अटक झाली. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली.

खटल्याच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, लोकक्षोभाचा सर्व रोख शिक्षेवर राहिला. निबंधाची अट हास्यास्पद वाटली, म्हणून कठोर शिक्षेची मागणी झाली. परंतु तो मुलगा आणखी काही महिने थांबता, अठरा वर्षे पूर्ण करून परवाना काढता, तर हीच मोटार तो त्याच रात्री, त्याच रस्त्यावर पूर्ण अधिकाराने घेऊन निघाला असता. कायद्याने अडविले असते ते त्याचे मद्य व त्याचा वेग. मोटार आणि तो यांच्यामधील अंतर मोजण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. कलम १९९-अ हा अठराव्या वर्षाच्या अलीकडचा बुरूज आहे. अठराव्या वर्षाच्या पलीकडचा कडा उघडाच आहे.

हा कडा किती रुंद आहे याची कल्पना एका आकड्यावरून येते. २०२२ या एका वर्षात भारताच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस या वयोगटातील होती.

६

अन्य देशांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर निराळे आहे. युरोपात दुचाकीचा परवाना शक्तीच्या पायऱ्यांनी मिळतो. मधल्या पायरीची मर्यादा पस्तीस किलोवॅट आहे. इटलीत नव्या परवानाधारकास पहिली काही वर्षे ठराविक शक्तीपलीकडची मोटार चालविता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात नवशिक्या चालकास वजनाच्या मानाने अतिशक्तिमान ठरणारी मोटार निषिद्ध आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१९ साली एका लॅम्बोर्गिनीच्या धडकेने पंधरा वर्षांची मुलगी दगावली. तिच्या कुटुंबाने चालविलेल्या प्रयत्नांनंतर अशा अतिशक्तिमान मोटारींसाठी स्वतंत्र परवाना आवश्यक ठरला व ती तरतूद डिसेंबर २०२४ पासून अमलात आली. एका अपघाताने दाखविलेल्या जागी बुरूज बांधण्याचे हे ठळक उदाहरण होय.

यावर एक आक्षेप संभवतो. कार्टर रोडवरील मोटार साधी होती; मग शक्तीचे मोजमाप करून काय साधणार? हा आक्षेप अंशतः खरा आहे. मद्य, निष्काळजीपणा व मत्सरी चढाओढ यांना अश्वशक्ती लागत नाही. तथापि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो. दुर्बळ मोटार चुकीला थोडा अवधी देते. शक्तिमान मोटार तो अवधीच हिरावून घेते. अनुभवी चालक तो अवधी स्वतःच्या संयमातून निर्माण करतो. नवशिक्याजवळ तो संयम अद्याप घडावयाचा असतो. पायऱ्यांचा परवाना याच घडणीला वेळ देतो.

कायदा कितीही सुधारला तरी घरातील एक क्षण त्याच्या आवाक्याबाहेर राहतो : पालक किल्ली पुढे करतो तो क्षण. १९३९ च्या कलम ५ पासून २०१९ च्या कलम १९९-अ पर्यंत कायदा त्या क्षणाकडेच सरकत आलेला दिसतो. पण तो तेथे पोहोचतो अपघात झाल्यावर. पुत्रप्रेमाने दिलेली मोटार आणि पुत्रप्रेमाने नाकारलेली मोटार यांतील भेद शिक्षेच्या भीतीने कळत नाही. तो जबाबदारीच्या जाणिवेने कळतो. हिरकणीच्या कथेतील माता आपल्या लेकरासाठी स्वतः कड्याच्या टोकाशी गेली. लेकराला तिने तेथे नेले नाही. तिच्या वात्सल्याचे स्मरण महाराष्ट्राने गावाच्या नावात जपले. तिच्या वाटेवर बांधल्या गेलेल्या बुरुजाचा अर्थ मात्र रस्त्यांच्या कायद्यात अजून पुरता उतरावयाचा आहे.