शिमल्याची बोलणी आणि आमचा कापूस

कापूस म्हणजे आमच्या वर्धा जिल्ह्याचे पांढरे सोने, असे म्हणण्याची रीत आहे. पण या सोन्याचे भवितव्य आमच्या बाजारात क्वचितच ठरले. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि हिंगणघाटच्या कापसाला एकाएकी मागणी आली. १८६५ साली युद्ध संपले, मग भावही उतरले. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. १९३३ सालची मात्र फारशी कोणी सांगत नाही, म्हणून आज ती.

त्या काळी हिंदुस्थानच्या कच्च्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक होते जपान. वऱ्हाड-मध्यप्रांताचा आखूड धाग्याचा कापूस, व्यापाऱ्यांच्या भाषेत 'उमरा', बोटीने जपानला जाई आणि जपानी कापड स्वस्तात इकडे येई. त्या कापडाने मुंबईचे गिरणीमालक हैराण झाले होते. त्यात जपानने १९३१ मध्ये मांचुरियात सैन्य घातलेले, मार्च १९३३ मध्ये राष्ट्रसंघ सोडण्याचे जाहीर केलेले. जून १९३३ मध्ये सरकारने ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांच्या संघाने उत्तर दिले, तुमचा कापूसच घेणार नाही.

भांडण कापडाचे, चटका मात्र कास्तकाराला!

सप्टेंबरात शिमल्याला बोलणी सुरू झाली. इकडून सर जोसेफ भोर, तिकडून सेत्सुझो सावादा. घासाघीस चालली ती जानेवारी १९३४ पर्यंत. तोडगा मोठा मासलेवाईक निघाला: जपानने वर्षाला १० लाख गाठी उचलल्या तर ३२.५ कोटी वार कापड आणावे. १५ लाख उचलल्या तर ४० कोटी वार. जकात ५० टक्क्यांवर आली. जुलैत लंडनला सह्या झाल्या. गाठी किती घ्यायच्या हे ठरले. कोणत्या भावाने, हे नाही.

योगायोग पाहा. त्याच सप्टेंबरात गांधीजी वर्ध्याला राहायला आले. शिमल्यात गाठींच्या बदल्यात वार मोजले जात होते, आणि इथे एक माणूस सांगत होता की कापूस जिथे पिकतो तिथेच त्याचे सूत व्हावे. जमनालालजींचे घराणे तर कापसाच्याच व्यापारातले! चरख्याने सगळे प्रश्न सुटले असते, असे मी म्हणणार नाही. पण परक्या गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोका त्यांनी नेमका ओळखला होता.

तो धोका लवकरच खरा ठरला. जुलै १९४१ मध्ये जपानशी व्यवहार गोठवले गेले, डिसेंबरात युद्धच आले. आखूड धाग्याच्या कापसाला वाली उरला नाही. सरकारला मदतीसाठी निधी काढावा लागला आणि 'कापसाऐवजी धान्य पेरा' असे सांगावे लागले.

वाचकहो, ही केवळ जुनी कथा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावले, आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठवले. कापड उद्योगाला कच्चा माल स्वस्त मिळावा, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण सवलत ऐन वेचणीच्या हंगामातली होती.

वाटाघाटी देशाला कराव्याच लागतात. मागणे एवढेच, की गिरणीचे आणि गिऱ्हाइकाचे हिशेब मांडताना ज्याच्या अंगणात कापूस पडून असतो, त्याचाही एक रकाना कागदावर असावा.