गळ, पाणी आणि तिथी



अमेरिकेतल्या पुतण्याने परवा एक फोटो पाठवला. तलावातल्या लाकडी धक्क्यावर बसून साहेब गळ टाकताहेत, अंगात जाडजूड जाकीट. माशाचे नाव म्हणे क्रॅपी. थंडी सरून पाणी जरा कोमट झाले की हा मासा अंडी घालायला उथळ पाण्यात येतो, म्हणून वसंताच्या सुरुवातीला त्याची चंगळ. "काका, बाळकुमला असं काही होतं का?" असा प्रश्न त्याने विचारला.

होते ना. पण आमच्याकडे पाण्याच्या गारव्यापेक्षा चंद्राचे राज्य मोठे.

बाळकुम साष्टी बेटाच्या काठावर आहे. कशेळीचा पूल ओलांडला की पलीकडे भिवंडीची बाजू. मध्ये उल्हासची खाडी. पोर्तुगीज काळात ठाण्याभोवतीची ही खाडी म्हणजे सरहद्दच होती. 1737 च्या वसंतात चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी खाडी ओलांडून ठाणे घेतले, 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ते हिसकावले. मी हे सनावळ्यांसकट वर्षानुवर्षे शिकवले. पण खाडीला पाणी कधी भरते, हे मात्र मला ठाऊक नव्हते!

1978 सालची गोष्ट. आठवीत एक कोळ्याचा मुलगा होता. महिन्यातून ठराविक दिवशी गैरहजर. दोनदा छडी दिली, तिसऱ्यांदा घरी गेलो. ओटीवर त्याचे आजोबा जाळे विणत बसले होते. म्हणाले, "मास्तर, आज दशमी. पानी कवा भरंल, सांगा." मी गप्प. मग त्यांनीच हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ साडेसातला भरती. पंचमीला पावणेचार. रोज दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे पुढे. हा झाला मुंबईच्या समुद्राचा हिशेब, आत खाडीत पाणी पोचायला लागणारा वेळ त्यात धरायचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला मासळी पाण्याबरोबर आत चढते, तेव्हा घरातला प्रत्येक हात लागतो.

घरी येऊन हजेरीपट आणि पंचांग शेजारी ठेवले. गैरहजेऱ्या बहुतेक उधाणाच्या! शाळेचे वेळापत्रक घड्याळाचे, त्याच्या घरचे चंद्राचे. दोन छड्या मात्र देऊन झाल्या होत्या.

आता खाडीत बोईट, निवट्या पूर्वीसारख्या मिळत नाहीत. वरून कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी येते. तलावांत गळाला लागते ती बहुधा तिलापिया, मूळची आफ्रिकेतली, 1952 मध्ये आपल्या देशात आणलेली. म्हणजे पुतण्या तिकडे तिथला अस्सल मासा पकडतोय आणि आम्ही इथे परदेशी! असो.

तो मुलगा आता साठीच्या घरात आहे. गेल्या होळीला भेटला. इतकी वर्षे मनात होते ते बोलून टाकले, त्या छड्या चुकल्या म्हणालो. तो हसला. "सर, एक चुकली. दुसऱ्या वेळी मी सिनेमाला गेलो होतो."


पुतण्याला तिथीचा हिशेब कळवलाय. त्याच्या तलावाला भरती येत नाही, हे नंतर लक्षात आले.